गाडी जोडली

प्रभावतीबाई वाहुळे एक्कावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. भोकरदनचं घर ते राजूरच्या पलीकडची त्यांची जिल्हा परिषदेची शाळा, हे जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचं अंतर त्यांनी पंधरा वर्षं बसनं आणि बस चुकली तर काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून कापलं होतं. मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. त्यांचे यजमान भिवा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिला महिनाभर ते रोज सकाळी फाटकाशी उभे राहून "हळू जाय गं" म्हणायचे आणि गाडी वळणाआड गेली तरी तिथंच उभे असायचे.

त्यांची मुलगी अक्षता पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करायची, मोबाइलची ॲप बनवायची. आई गाडीत फोन उचलते हे तिला ठाऊक होतं. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमला हँड्सफ्रीची सोय होती, फोन हातात धरावा लागत नसे. पण आईला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि हातवारे करायला स्टिअरिंग सोडावं लागतं. म्हणून अक्षतानं एका आठवड्यात आईपुरतं एक ॲप तयार केलं. गाडीची किल्ली फिरली की सिस्टीम चालू व्हायची, आईचा फोन ब्लूटूथनं तिला जोडला जायचा आणि ॲप ते ओळखायचं. मग येणारा प्रत्येक फोन आपोआप बंद होऊन समोरच्याला 'मी गाडी चालवत आहे' असा निरोप जायचा, आणि अक्षताला कळायचं की आई निघाली. ती पोचली की तेही कळायचं, नकाशावरच्या जागेसकट.

दोन महिने ते बरं चाललं. मग पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेत कवायतीची तयारी सुरू झाली आणि गाणी लावायला कुणीतरी ब्लूटूथचा स्पीकर प्रभावतीबाईंच्या फोनला जोडला. ॲपला वाटलं, हीच गाडी. केंद्रप्रमुखांनी त्या दुपारी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा त्यांना निरोप मिळाला, 'मी गाडी चालवत आहे'. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येऊन सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मॅडम, शाळेच्या टायमात कुठं फिरून राह्यल्या तुम्ही?"

घरी आल्यावर प्रभावतीबाई ओरडल्या नाहीत. फोन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काढ हे."

"आई, चूक माझी आहे. जे जोडलं जाईल ते गाडीच असं समजून राह्यलं ते. मी दुरुस्त करते."

"दुरुस्त नको, काढ. मी निघाले, मी पोचले, हे सारखं कुणाला तरी कळायला मी काय लहान लेकरू हाये? पंधरा वर्षं बसनं गेले, तेव्हा कुणी पहारा ठेवला नव्हता."

"पहारा नाही गं…"

"मला विचारलं होतंस का, माझी जागा तुला दिसंल म्हणून?"

अक्षतानं विचारलं नव्हतं. तिनं ॲप काढून टाकलं.

पण ती चूक तिला स्वस्थ बसू देईना. जोडलं जाणारं प्रत्येक यंत्र आपण काय आहोत ते फोनला सांगतं: इअरफोन, स्पीकर, की गाडीतलं हँड्सफ्री. तिला वाटलं, एवढं तपासलं की झालं. पण आईच्या गाडीत जालन्यातल्या दुकानातून बसवलेली स्वस्तातली सिस्टीम होती आणि ती स्वतःला इअरफोन म्हणवून घेत होती. शेवटी तिनं साधा मार्ग काढला. फोनला आधी जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी दाखवायची, माणसानं त्यातल्या आपल्या गाडीवर एकदा बोट ठेवायचं. मग तेवढीच गाडी, बाकी काही नाही. हे तपासायला आईचा फोन मिळणार नव्हता. बाबांचा मिळाला. ते दर रविवारी आईशेजारी बसून आपल्या फोनवरची गाणी गाडीत लावायचे, त्यामुळे त्यांचाही फोन गाडीच्या ओळखीचा होता. त्यांच्या फोनवर निरोप जायचा बंद करून अक्षतानं फक्त 'गाडी जोडली' आणि 'गाडी सुटली' एवढंच ठेवलं. प्रत्येक वेळी फोन लांबलचक थरथरायचा.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळची शाळा, साडेअकराला सुटणारी. साडेबारा, फार तर एकपर्यंत प्रभावतीबाई घरी येत. दीड वाजता अक्षतानं फोन लावला, तो बंद होता. बॅटरी संपली असेल म्हणून ती पुन्हा कामाला लागली. दोन वाजता भिवा आत आले.

"तुझी आई आली न्हाई अजून."

त्यांचा आवाज ऐकून अक्षतानं लॅपटॉप मिटला. तिनं शाळेतल्या भागवत सरांना फोन लावला.

"मॅडम तर साडेअकरालाच निघाल्या ताई," ते म्हणाले. "आज संकष्टी ना, राजूरच्या गणपतीला गर्दी हाये, रस्ता पुरा जाम. म्हणून आतल्या रस्त्यानं जाते म्हणल्या."

"कोणत्या आतल्या?"

"ते न्हाई बोलल्या. का हो, पोचल्या न्हाईत?"

पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, फोन शेवटी कोणत्या टॉवरला होता ते मागवतो म्हणाले. पण वेळ लागेल, आणि टॉवर कळला तरी त्याच्या भोवतीचा चार-पाच किलोमीटरचा टापू असतो, हेही त्यांनी सांगितलं. अक्षताच्या मनात आलं, आईच्या फोनमध्ये ॲप असतं तर शेवटची जागा आत्ता माझ्यासमोर असती. भिवांच्याही तेच मनात असावं. ते म्हणाले, "ते तुझं असतं तर—"

"बाबा, आता नको."

त्यांच्या हातात फोन होता. अक्षता त्या फोनकडे बघत राहिली.

"तुमचा फोन गाडीला जोडला जातो," ती हळूच म्हणाली. "गाडीची किल्ली चालू असली, तर आपण जवळ गेलो की तुमचा फोन जोडला जाईल. गाडी दिसत नसली तरी."

"जवळ म्हंजी किती?"

"दहा-पंधरा पावलं."

"आन किल्ली बंद असली तर?"

"तर काहीच कळणार नाही."

भिवांनी चपला घातल्या. "मेन रोडला काही झालं असतं तर आतापस्तोर दहा लोकांनी फोन केले असते. आतले रस्ते तीन. एकावर पुलाचं काम चालू हाये, बंद हाये तो. दुसरा गावातून जातो, तिथं गाडी नुसती थांबली तरी गाव गोळा होतं. राह्यला तो नाल्याच्या कडंचा, मक्यातून जातो तो. एसटी तिथं दोनच सालं चालली. माणूस न्हाई काणूस न्हाई."

पाऊण तासानं ते त्या रस्त्याच्या तोंडाशी होते. अक्षता स्कूटी चालवत होती, भिवा मागं. रस्ता एका गाडीपुरताच. एका बाजूला माणूस बुडेल एवढा मका, दुसऱ्या बाजूला नाला. नाला खोल होता आणि त्याच्या काठानं वेड्या बाभळी अशा माजल्या होत्या की तळ दिसतच नव्हता. हे सगळं तीन किलोमीटर.

आपण जवळ गेलो तरी फोन आपणहून गाडीला हुडकेलच याची अक्षताला खात्री नव्हती. म्हणून तिनं बाबांना दाखवलं: यादीतल्या गाडीच्या नावावर बोट ठेवायचं, चार-पाच सेकंद थांबायचं. 'जोडता आले नाही' असं आलं की पुढं सरकायचं.

वाऱ्यात बोललेलं कळत नव्हतं. भिवांनी तिच्या खांद्यावर एकदा टकटक केलं की तिनं थांबायचं, दोनदा केलं की निघायचं. बसमध्ये घंटीची दोरी ओढावी तसं ते सवयीनंच ठरून गेलं.

टक. थांबायचं. 'जोडता आले नाही.' टक टक. वीस पावलं पुढं. टक.

साडेतीन वाजले. अक्षता मनात हिशेब करत होती. अपघात बाराच्या सुमाराला झाला असला आणि गाडीची किल्ली चालूच राहिली असली, तर इंजिन बंद, सिस्टीम चालू, कदाचित पंखाही. जुनी बॅटरी किती वेळ धरेल? आणि हा रस्ताच चुकीचा असला तर? ती हळू चालवत होती आणि तिला जोरात जायचं होतं.

दीड किलोमीटर झालं असेल. एका वळणावर भिवांनी दोनदा टकटक केलं, स्कूटी निघाली, आणि तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन लांबलचक थरथरला. त्यांनी अक्षताचा खांदाच गच्च धरला.

"जोडली! जोडली म्हणून राह्यलं!"

ती थांबली आणि वळून बघते तो पडद्यावरची अक्षरं बदलली. 'गाडी सुटली.'

तिनं स्कूटी तशीच ढकलत मागं नेली. बोट ठेवलं. 'जोडता आले नाही.' पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. रस्त्याच्या कडेला गवत होतं, टायरची खूण नव्हती, काच नव्हती, काहीच नव्हतं. मक्यात पाखरं ओरडत होती.

"बाबा, चुकलं असेल ते," अक्षता म्हणाली. "माझंच ॲप आहे. आधीही चुकलंय. उगाच इथं वेळ घालवला आणि आई तिकडं पुढं असली तर?"

"एकदा म्हणलं ना ते?"

"हो, पण—"

"मंग हितंच हाये. हितून मी हलत न्हाई, पुरं बघितल्याबिगर."

अक्षतानं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि हात लांब करून ती नाल्याच्या कडेकडेनं चालू लागली. एक पाऊल, बोट, थांबणं. एक पाऊल, बोट, थांबणं. बाभळीचे काटे ओढणीत अडकत होते. सातव्या की आठव्या पावलाला फोन थरथरला आणि ती जागच्या जागी थिजली. अक्षरं बदलली नाहीत. 'गाडी जोडली.'

"बाबा, इथं या. हळू. हा धरा, असाच, इथंच. इथून हलायचं नाही. तुम्ही हललात की सुटेल."

ते आले आणि तिनं दाखवलेल्या जागी खांबासारखे उभे राहिले. तिनं आपल्या फोनवरून त्यांना फोन लावला. नेटवर्कची एकच काडी होती. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

भिवांच्या हातातला फोन वाजला. आणि त्याच क्षणी खाली, बाभळीच्या जाळीतून, खोलातून, तीच रिंग वाजली.

"उचला," ती म्हणाली.

त्यांनी बोट ओढलं. अक्षता आपल्या फोनमध्ये ओरडली, "आई!" आणि तिचाच आवाज खालून आला, किंचित उशिरा, घोगरा, तिच्या आवाजापेक्षा मोठा. तिनं फोन कानाशी दाबला. पाण्याचा आवाज येत होता. मग श्वास. मग कुणीतरी घसा साफ करायचा प्रयत्न केला.

"…अक्षू?"

"आई, आम्ही वर आहोत. मी आणि बाबा. मी आले खाली."

"जल्दी ये," आई म्हणाली. "पाणी वाढून राह्यलं."

वरच्या अंगाला आदल्या दिवशी पाऊस झाला होता. अक्षता काट्यांतून घसरत, फांद्या धरत खाली उतरली. गाडी उजव्या कुशीवर पडली होती, म्हणजे चालवणाऱ्याची बाजू खाली, पाण्यात. पुढचा भाग दगडांत चेमटला होता. गढूळ पाणी अक्षताच्या मांडीपर्यंत आलं. तडकलेल्या काचेतून तिला आईचा चेहरा दिसला. मान वर ताणलेली, पाणी गळ्याशी. सिस्टीमचा निळा उजेड अजून चालू होता.

वर भिवा हलले नव्हते. हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ते मक्याकडे तोंड करून सगळा जीव एकवटून हाका मारत होते. त्या ऐकून शेतातून एक माणूस विळा हातात घेऊनच धावत आला. धर्मराज त्याचं नाव, तो मका त्याचाच.

"काय झालं मामा?"

"खाली गाडी हाये. माझी बाई हाये त्यात. लेक उतरली."

"मंग तुम्ही हितं काय करून राह्यले? चला!"

"मला हलायचं न्हाई म्हणलंय," भिवा फोन पुढं धरून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हललो की तुटंल."

धर्मराजला काही कळलं नसावं. पण त्यानं वाद घातला नाही. एकशेआठला फोन लावला, जागा सांगितली आणि ट्रॅक्टर आणायला वस्तीकडे पळाला.

खाली अक्षतानं दगडानं मागची काच फोडली आणि सीटांवरून रांगत आत शिरली. आईचा पाय पुढं कुठंतरी अडकला होता, पट्टा छातीशी आवळला होता. पट्ट्याचं कुलूप पाण्याखाली होतं, दाबलं तरी सुटत नव्हतं. तिनं आईच्या मानेखाली हात घातला आणि डोकं वर धरलं.

"रोही आडवं आलं," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "केवढं जनावर, मक्यातून एकदम. मी वळवली."

"बोलू नको."

"बोलू दे. झोप येऊन राह्यली. न्हाई बोलले तर झोपंल मी."

मग ती बोलत राहिली, तुटक तुटक. हॉर्न वाजला नाही. फोन पाण्यात गेला. वरून तीन मोटारसायकली गेल्या, तिन्हींचा आवाज आला. पहिल्या दोन्हींना हाका मारल्या, तिसरीला आवाजच निघाला नाही. अक्षता ऐकत होती आणि पाण्याकडे बघत होती. मघाशी आईच्या गळ्यातल्या मण्यांखाली असलेलं पाणी आता मण्यांवर आलं होतं.

तेवढ्यात निळा उजेड लुकलुकला आणि गेला.

वर फोन थरथरला असणार. 'गाडी सुटली.' भिवांची हाक आली, अशी हाक अक्षतानं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "अक्षूऽऽ!"

"बाबा!" ती फुटक्या काचेकडे तोंड करून ओरडली. "बॅटरी गेली! आई आहे! आई बोलतेय!"

मग फांद्या मोडल्या, माती घसरली आणि भिवा गुडघे खरचटलेले, चप्पल एकच, असे पाण्यात येऊन उभे राहिले. आता त्यांना वर थांबायचं काही कारण नव्हतं. वरच्या अंगाची खिडकी अर्धवट उघडी होती. त्यातून हात घालून त्यांनी बायकोचा वर आलेला हात धरला.

ट्रॅक्टर यायला वीस मिनिटं लागली. धर्मराजनं सोबत चौघं आणले होते. दोर चेसिसला बांधला, ट्रॅक्टरनं हळूहळू ताण दिला आणि गाडी करकरत थोडी सरळ झाली. आतलं पाणी भसाभस बाहेर पडलं. आई एकदाच किंचाळली. धर्मराजनं विळ्यानं पट्टा कापला. पाय सोडवायला आणखी पंधरा मिनिटं गेली. तिला खाटेवर बांधून वर काढलं, तेव्हा ॲम्ब्युलन्स रस्त्यावर येऊन थांबली होती आणि ऊन अजून मक्याच्या तुऱ्यांवर होतं.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, तीन बरगड्या गेल्या होत्या. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. पाय अर्ध्या इंचानं आखूड राहील, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं.

पाचव्या दिवशी भिवा चहा आणायला खाली गेले असताना अक्षता म्हणाली, "आई, मी तुला न विचारता तुझ्या फोनमध्ये जागा बघायचं टाकलं होतं. ते चुकलंच माझं."

"चुकलंच होतं," आई म्हणाली. "आता वाचले म्हणून ते बरोबर होत न्हाई."

"हो."

"पण खालून तुझा आवाज आला ना…" प्रभावतीबाई थांबल्या. एरवी बोलताना वर येणारा हात पांघरुणावर तसाच राहिला. "चार तास मी एकटी होते. मला वाटलं, संपलं. आन मंग तू त्या डब्यातून ओरडलीस."

एकोणिसाव्या दिवशी सुट्टी मिळाली. भाड्याची मोठी गाडी केली होती, मागच्या सीटवर पाय लांब करून बसता यावं अशी. राजूर जवळ आलं तशी प्रभावतीबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, आतल्या रस्त्यानं घ्या."

"कशाला गं आता?" भिवा म्हणाले.

"घ्या म्हणलं ना."

धर्मराज रस्त्यावरच भेटला, मका मोडून कणसं गोळा करत होता. त्याची बायको सगुणाबाई धावत वस्तीवरून पाणी घेऊन आली आणि प्रभावतीबाईंचा हात हातात घेऊन नुसतीच बघत राहिली. मग तिनं आणि अक्षतानं दोन्हीकडून धरून प्रभावतीबाईंना वॉकरसकट कडेपर्यंत नेलं. ट्रॅक्टर आला तेव्हा बाभळी तोडल्या होत्या, त्यामुळे आता तळ दिसत होता. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. दगड, थोडी काच, तांबडा चिखल.

प्रभावतीबाई बराच वेळ खाली बघत होत्या.

"एवढंसंच खोल?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, विहिरीत पडले मी."

सगुणाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. प्रभावतीबाई घटाघटा प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला. पाय दुखून राह्यला."